मोऱ्याच्या लाँचवर सनी

भाऊच्या धक्क्यावर तिकीट काढताना बाबांनी विचारलं,
वर बसायचं वेगळं पडतं का?
खिडकीतला पोरगा म्हणाला, काका, कुठंही बसा.
कुठंही बसा,
हे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी
बोटीवर त्यांना पहिल्यांदा कुणी सांगत होतं.

एकोणीस वर्षं ते भूमध्य समुद्रात होते.
बोट लहानशी, चाळीस उतारूंची,
बेटाबेटाला थांबत जाणारी, कशाचीच घाई नसलेली.
लोक तिथं काहीही न करण्यासाठी येत,
आणि ते काहीही न करणं
रोज संध्याकाळी धुवायला खाली येई:
चादरी, पंचे, टेबलावरची कापडं.
पाण्याच्या पातळीच्या खाली, वाफेत, बाबांची इस्त्री.
सोनबा म्हणता येईना,
म्हणून कॅप्टननं नाव ठेवलं सनी.
आठवडा आठवडा ऊन न दिसणाऱ्या माणसाला.

मी विचारायचे, ग्रीस कसं आहे?
म्हणायचे, तेलकट.
आधी मैदा भुरभुरायचा, मग गरम पाणी.
सिसिलीत लाल संत्री. त्याला थंडच पाणी, नाहीतर गेलं.
सँतोरिनी म्हणजे काळी रेती, अभ्र्यांच्या कोपऱ्यांत.
ह्वारच्या चादरी दोन धुण्यांनंतरही
लव्हेंडरचा वास सोडत नाहीत.
आणि कोटोरला काही वाळत म्हणून नाही,
अगदी आपलं माझगाव, ऑगस्टातलं.

भूगोलाच्या पेपरात नकाशा भरा म्हटलं
की मला डाग आठवत.

एकदा पोस्टकार्ड आलं. पांढरी घरं, निळा घुमट,
खाली इतकं निळं पाणी की आई म्हणाली, नीळ जास्त झाली.
मागं बाबांचं अक्षर:
इथं असं आहे म्हणतात.

लाँच सुटली. डिझेलचा धूर,
बर्फाची दोन खोकी, दोरीनं बांधलेल्या तीन मोटारसायकली,
रात्रपाळी करून उरणला परतणारी नर्स, बसल्याजागी झोपलेली.
कुणीतरी गाठ्या उडवल्या आणि सीगल कालवा करत मागं लागले.
बाबा बाकाच्या अगदी कडेला,
कुणी उठवील अशा बेतानं.

ते कुठलं बेट?
बुचर आयलंड. तेलाच्या टाक्या आहेत, तिथं उतरू देत नाहीत.
मग बरोबर, ते म्हणाले,
मला बेटं अशीच माहितीयत.

पण मग ते उठले, कठड्याला पाठ लावून उभे राहिले,
आणि डावीकडे घारापुरी, तिचे दोन डोंगर,
झाडीतली एक पिवळी भिंत,
सगळं हळूहळू मागं सरकू लागलं.
मी चहा आणला. त्यांनी तो हातात धरून थंड केला.
काही बोलले नाहीत.
मीही इतकी वर्षं साठवलेला प्रश्न विचारला नाही.
एकदाच म्हणाले, वरून आवाज फार कमी येतो गं.

मोऱ्याला ओहोटी. चिखलात रुतलेले पडाव,
खलाशानं दोर फेकला तसे बाबांचे हात आपोआप पुढं झाले.
बसा काका, तो म्हणाला.
बाबा बसले. मग हसले. मग पुन्हा उठले,
कारण सगळेच उतरत होते.

रात्री घरी त्यांनी शर्ट काढला
आणि धुण्यात टाकण्याआधी बल्बखाली धरून वाचला.
हे मीठ. हा चहा, माझाच.
हे पाखराचं, खरवडलं की जाईल.
पाठीवर हा आडवा पट्टा गंजाचा, कठड्याचा.
हा तुला जमायचा नाही, म्हणाले,
याला लिंबू लागतं, आणि ऊन.

सकाळी गॅलरीत शर्ट दोरीवर,
पट्ट्यावर लिंबाची अर्धी फोड घासलेली,
आणि शेजारी स्टूल टाकून बाबा.
नाश्त्याला हाक मारली तर म्हणाले,
थांब जरा. अजून ओला आहे.